रापणीच्या होडीला लागलेली बंदी: रुबीतील क्लासच्या पातळीवरील वारशाचे एक प्रकरण

मालवण तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेचा स्वतःचा बर्फाचा कारखाना आहे. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक नौकेला संस्थेच्या कार्यालयातून बर्फाची चिठ्ठी मिळते आणि ती दाखवल्यावर कारखान्यातून फोडलेला बर्फ दिला जातो. ही चिठ्ठी छापणारा रुबी भाषेतील छोटा प्रोग्राम मी रत्नागिरीत बसून लिहिला आणि गेली काही वर्षे मीच तो सांभाळतो. या प्रोग्राममध्ये एका जूनच्या पहिल्या दिवशी उद्भवलेली चूक, तिचा शोध आणि दुरुस्तीचे एकामागून एक फसलेले प्रयत्न येथे क्रमाने मांडतो आहे, कारण रुबी लिहिणाऱ्या बहुतेकांची गाठ कधी ना कधी याच प्रश्नाशी पडते आणि त्याची पहिली तीन उत्तरे दिसायला बरोबर असूनही अपुरी असतात.

प्रथम व्यवहारातला नियम सांगायला हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. केवळ वल्ह्या-शिडावर चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. पर्ससीन, म्हणजे माशांचा थवा वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या, जाळ्याच्या नौकांचे गणित आणखी निराळे आहे, कारण राज्याच्या सागरी हद्दीत त्यांना २०१६ च्या शासन आदेशानुसार फक्त सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांतच मासेमारी करता येते. बंदीच्या काळात त्या त्या प्रकारच्या नौकेला बर्फाची चिठ्ठी द्यायची नाही, असा संस्थेचा ठराव आहे.

प्रोग्रामची रचना या नियमावर बेतली होती. ‘नौका’ हा पालक क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा), त्याखाली ‘ट्रॉलर’, ‘गिलनेट’, ‘पर्ससीन’ आणि ‘रापण होडी’ (किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याची पारंपरिक होडी) असे सबक्लास, म्हणजे पालकाचे गुण वारशाने घेणारे साचे. बंदीचा कालावधी एखाद्या विशिष्ट नौकेचा नसून संपूर्ण प्रकाराचा असल्यामुळे तो ऑब्जेक्टवर, म्हणजे साच्यातून बनलेल्या एकेका नौकेवर, न ठेवता क्लासवर ठेवला होता. पालकाने जून-जुलै सांगायचे, ट्रॉलर आणि गिलनेट यांनी काही न बोलता तेच घ्यायचे, पर्ससीनने स्वतःचे महिने सांगायचे आणि रापण होडीने बंदी नाही असे सांगायचे, एवढीच अपेक्षा होती. (क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावे मी येथे देवनागरीत लिहितो आहे. रुबीत मेथड व व्हेरिएबल यांना देवनागरी नाव खरोखरच देता येते. क्लासला मात्र देता येत नाही, कारण क्लासचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे असा भेदच नाही.)

पर्ससीनचा क्लास सर्वांत शेवटी लिहिला गेला. तो असलेली आवृत्ती ३१ मेच्या संध्याकाळी, शेवटच्या नौका किनाऱ्याला लागल्यानंतर, संस्थेच्या संगणकावर चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्या वर्षी पाऊस लांबला होता, समुद्र निवांत होता आणि रापणकर बर्फासाठी कार्यालयात येऊन उभे होते. सचिव वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत. त्यांनी एवढेच विचारले, “अरे बाबा, रापणीच्या होडयेक बंदी कधीपासून लागली?” मी त्यांना म्हटले, “काका, आजच्या दिवस चिठ्ठी हाताने लिहून द्या, मी संध्याकाळपर्यंत बघतो.” रापणीवर एका वेळी पंधरा-वीस घरांची चूल अवलंबून असते, त्यांना चिठ्ठीसाठी ताटकळत ठेवणे मला मनापासून लागले.

माझ्या संगणकावर तोच कोड चालवून पाहिला, तर रापण होडीला चिठ्ठी मिळत होती. तेवढ्यावर थांबलो असतो तर दोष संस्थेच्या संगणकावर ढकलून मोकळा झालो असतो. परंतु सहज म्हणून ट्रॉलरची चिठ्ठी मागितली आणि तीही मिळाली. १ जूनला ट्रॉलरला बर्फ! म्हणजे तिकडे कोणालाच चिठ्ठी मिळत नव्हती आणि इकडे सगळ्यांनाच मिळत होती. कोड एकच होता आणि चुका परस्परविरुद्ध होत्या. संस्थेत यांत्रिक नौका त्या सकाळी शाकारून किनाऱ्यावर ठेवलेल्या असल्यामुळे तिथली अर्धी चूक कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते, आणि माझ्याकडची चूक तर अधिक घातक होती.

कारण असे निघाले. बंदीचा कालावधी मी ‘@@बंदी’ या क्लास व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. दोन ॲट चिन्हांनी सुरू होणारे हे व्हेरिएबल क्लासचे असते असे नवशिक्यांना शिकवले जाते, आणि ते चुकीचे नाही. फक्त ते एका क्लासचे नसून त्या क्लासपासून खाली उतरणाऱ्या संपूर्ण कुळाचे असते. पालकात ते एकदा जन्माला आले की सबक्लासमध्ये त्याला दिलेली नवी किंमत नवीन जागा तयार करत नाही, ती पालकाच्याच जागेवर लिहिली जाते. आपल्याकडे सामाईक विहिरीला जसा कोणा एका भावाचा पोहरा वेगळे पाणी काढू शकत नाही, तसेच हे आहे. रापण होडीने ‘बंदी नाही’ म्हणून निल (रुबीतील ‘काहीच नाही’ ही किंमत) लिहिले, तेव्हा ते ट्रॉलर, गिलनेट आणि खुद्द नौका यांच्यासाठीही लिहिले गेले. पर्ससीनने स्वतःचे महिने लिहिले, तेव्हा तेही सर्वांचे झाले. ज्याची फाइल शेवटी वाचली जाईल त्याचे म्हणणे खरे, असा प्रकार झाला होता.

मग दोन संगणकांवर निकाल वेगळा का? सबक्लासच्या फाइली मी फोल्डरमधून एकत्र उचलून वाचत होतो. रुबीच्या ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, अशी फोल्डरमधील फाइलींची यादी आपोआप क्रमाने लावून मिळते. त्यापूर्वी ती फाइल सिस्टीम देईल त्या क्रमाने मिळत असे. माझ्याकडे तीनच्या पुढची आवृत्ती होती, त्यामुळे पर्ससीन आधी आणि रापण नंतर वाचली जाऊन शेवटचा शब्द ‘बंदी नाही’ हा ठरत होता. संस्थेच्या जुन्या संगणकावर २.७ आवृत्ती होती आणि तिथे पर्ससीनची फाइल रापणीच्या नंतर येत होती. माझ्या चाचण्या प्रत्येक क्लास पालकाबरोबर एकटा उचलून तपासत होत्या, आणि एकटा असताना प्रत्येक क्लास अगदी बरोबर वागत होता. भावंडे एकत्र आल्याशिवाय हा दोष दिसूच शकत नाही.

शोधासाठी एक साधी मेथड उपयोगी पडली. क्लासला त्याच्या क्लास व्हेरिएबलांची यादी मागताना फॉल्स असा आर्ग्युमेंट दिला, तर केवळ त्याची स्वतःची नावे मिळतात. रापण होडीची यादी रिकामी आली आणि ‘@@बंदी’ फक्त नौकेच्या यादीत दिसले. जे आपण मुलाचे समजत होतो ते मुलाकडे नव्हतेच, हे तिथेच स्पष्ट झाले. याच कुळातला आणखी एक अपघात नोंदवून ठेवतो. सबक्लासने आधी स्वतःचे ‘@@’ व्हेरिएबल तयार केले आणि त्याच नावाचे पालकाने नंतर तयार केले, तर रुबी ३.० पासून ते वाचताना रनटाइम एरर येते. आधीच्या आवृत्त्यांत फार तर इशारा मिळत असे. हा बदल मला योग्य वाटतो, पण तो आमच्यासारख्या प्रकरणात मदत करत नाही, कारण आमच्याकडे पालक आधीच होता.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न पुस्तकी होता. रुबीत क्लास हाही एक ऑब्जेक्टच असतो, म्हणून त्यालाही एका ॲट चिन्हाचे स्वतःचे इन्स्टन्स व्हेरिएबल असू शकते. ‘@बंदी’ क्लासच्या अंगावर ठेवले आणि ते वाचण्या-लिहिण्याच्या मेथड नौकेच्या सिंगल्टन क्लासवर, म्हणजे फक्त त्या एका ऑब्जेक्टच्या मेथड ठेवणाऱ्या पडद्यामागच्या क्लासवर, लिहिल्या. भावंडांची सरमिसळ लगेच थांबली. परंतु ट्रॉलरला त्याची बंदी विचारली तर निल मिळाले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सबक्लासचा सिंगल्टन क्लास हा पालकाच्या सिंगल्टन क्लासचा सबक्लास असतो, म्हणून क्लासवरील मेथड वारशाने खाली येतात. व्हेरिएबल मात्र ऑब्जेक्टच्या अंगावर असते आणि ट्रॉलर हा नौकेहून वेगळा ऑब्जेक्ट आहे. विचारण्याची रीत वारशाने मिळाली, उत्तर मिळाले नाही. आणि आमच्या कोडमध्ये निल म्हणजे ‘बंदी नाही’ असल्यामुळे ट्रॉलर पुन्हा जूनमध्ये मोकळा सुटत होता. हे चाचणीतच सापडले, कारण आता चाचणी सर्व क्लास एकत्र उचलून होत होती.

दुसरा प्रयत्न ‘इन्हेरिटेड’ या हुकचा. कोणताही सबक्लास तयार झाला की रुबी पालकावरील ही मेथड बोलावते आणि नवजात क्लास तिच्या हाती देते. तिथे पालकाची किंमत मुलावर उतरवून ठेवता येते. सबक्लासच्या आतल्या ओळी चालण्यापूर्वीच हा हुक चालतो, त्यामुळे मुलाने नंतर स्वतःची किंमत दिली तर ती टिकते. वरवर पाहता सगळे जुळले. ट्रॉलरला जून-जुलै मिळाले, पर्ससीनला स्वतःचे महिने, रापणीला निल. जवळजवळ दोन दिवस मी हेच अंतिम समजत होतो.

तेवढ्यात सचिवांनी एक रास्त मागणी केली. बंदीचे दिवस शासनाच्या आदेशाने ठरतात, आणि ते बदलले तर त्यांना माझी वाट न पाहता स्वतः सेटिंगच्या फाइलमध्ये तारीख बदलता यायला हवी होती. मी तशी फाइल केली आणि प्रोग्राम सुरू होताना सर्वांत शेवटी ती वाचून नौकेची बंदी बदलण्याची सोय केली. पडताळणीसाठी शेवटची तारीख १५ ऑगस्ट लिहून पाहिली. नौका १५ ऑगस्ट म्हणू लागली, ट्रॉलर मात्र ३१ जुलैवर अडून राहिला. हुकने किंमत जन्माच्या वेळी वाटून दिली होती आणि वाटणीनंतर पालकाकडे काय बदलले याची मुलाला खबर नव्हती.

सेटिंगची फाइल क्लासच्या आधी वाचून हे टाळता आले असते. मी तसे केले नाही, कारण मग क्रमावर अवलंबून राहण्याचा तोच दोष दुसऱ्या दाराने घरात आला असता. शिवाय हुकमध्ये आणखी दोन खड्डे आहेत. मधल्या एखाद्या क्लासने स्वतःचा ‘इन्हेरिटेड’ लिहिला आणि त्यात सुपर (पालकाची त्याच नावाची मेथड) बोलवायचे विसरले, तर त्याच्याखालच्या पिढ्यांना काहीही मिळत नाही आणि कसली एररही येत नाही. दुसरा खड्डा ॲरेचा, म्हणजे यादीचा. प्रत्येक प्रकारासाठी मान्य जाळ्यांची यादी आम्ही अशीच क्लासवर ठेवली होती. हुकने दिलेली ती यादी म्हणजे त्याच ॲरेकडे बोट होते, त्यामुळे गिलनेटच्या क्लासने दुहेरी कोनाच्या चिन्हाने यादीत एक नाव ढकलले की ते नौकेच्या आणि इतर सर्वांच्या यादीत दिसू लागले. डप करून प्रत घेतली तर वरची पातळी सुटी होते, आतल्या याद्या सामाईकच राहतात.

आता प्रश्न नीट मांडता आला. किंमत कुठे साठवायची हा मुद्दा दुय्यम होता. मुलाने पालकाकडे कधी पाहायचे, हा खरा मुद्दा होता. ‘@@’ मध्ये मूल आणि पालक यांच्यात भेदच नसतो, साध्या ‘@’ मध्ये मूल पालकाकडे कधीच पाहत नाही, हुकमध्ये ते जन्मताना एकदाच पाहते. आम्हाला हवे होते ते असे, की मुलाने स्वतः काही ठरवले असेल तर ते सांगावे, आणि नसेल तर ज्या क्षणी विचारले जाईल त्या क्षणी पालकाला विचारून सांगावे.

हे लिहायला आठ ओळी पुरतात. क्लासवरील वाचण्याची मेथड प्रथम स्वतःकडे ‘@बंदी’ आहे का पाहते. असेल तर ती देते, नसेल तर आपल्या सुपरक्लासला तोच प्रश्न विचारते. तरीही माझ्या पहिल्या लेखनात चूक झाली आणि ती मुद्दाम सांगतो. मी ‘@बंदी किंवा सुपरक्लासची बंदी’ असे दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने लिहिले. रापण होडीने स्पष्टपणे निल ठरवलेले होते, पण त्या चिन्हाला ठरवलेले निल आणि न ठरवलेले निल यांतला फरक कळत नाही. ते वर गेले, जून-जुलै घेऊन आले आणि रापणीच्या होडीला पुन्हा बंदी लागली. पाच दिवसांनी मी निघालो होतो तिथेच येऊन उभा होतो. किंमत फॉल्स असलेल्या गुणधर्मालाही हाच धोका आहे. व्हेरिएबल ठरवलेले आहे की नाही हे ‘डिफाइन्ड?’ ने विचारावे लागते; त्याच्या आतल्या किमतीवरून ते ओळखता येत नाही.

त्याच वेळी निलचा वापरही काढून टाकला. ‘बंदी नाही’ हा एक निर्णय आहे, माहितीचा अभाव नाही. म्हणून त्यासाठी स्वतंत्र ऑब्जेक्ट केला, ज्याला कोणतीही तारीख विचारली तरी तो ‘बंदी लागू नाही’ असेच उत्तर देतो. नौकेवर मात्र किंमत असलीच पाहिजे, नाहीतर शोध ऑब्जेक्ट या मूळ क्लासपर्यंत जाऊन तिथे मेथड सापडत नाही अशी एरर येते. ती एरर मी तशीच राहू दिली. मूळ बंदी लिहायला विसरलो तर प्रोग्राम बंद पडावा, ट्रॉलरला बर्फ मिळू नये. पारंपरिक होडीला बंदी नसताना मूळ क्लासवर बंदी का ठेवली, यांत्रिक नौकांचा वेगळा क्लास का नाही, असे एका सहकाऱ्याने विचारले. त्याची सूचना तर्काला धरून आहे. मी मूळ क्लासवरच बंदी ठेवली ती एवढ्यासाठी, की उद्या नवा प्रकार जोडताना लिहिणारा काही विसरला तर चूक बंदीच्या बाजूने व्हावी; अडवलेल्या माणसाचा फोन येतो, न अडवलेल्याचा येत नाही.

जाळ्यांच्या यादीसाठी एवढेच केले की प्रत्येक यादी फ्रीझ केली, म्हणजे बदलता न येणारी केली. सबक्लासने नाव वाढवायचे असेल तर पालकाची यादी अधिक स्वतःचे नाव अशी नवी यादी तयार करून ती स्वतःवर ठेवायची. कोणी जुन्या सवयीने यादीत थेट ढकलायला गेले तर त्याच ओळीवर फ्रोझन एरर येते आणि दुसऱ्याच्या यादीपर्यंत काही पोहोचत नाही.

रेल्स ही रुबीत वेब ॲप्लिकेशन लिहिण्याची चौकट वापरणाऱ्यांना हे सर्व तयार मिळते. २०१० च्या रेल्स ३.० मध्ये ‘क्लास_ॲट्रिब्यूट’ आला. त्यापूर्वीचा ‘क्लास_इन्हेरिटेबल_ॲक्सेसर’ हुकच्या वेळी प्रत काढून देणारा होता, आणि तो पुढे काढून टाकण्यात आला. आमचा दुसरा प्रयत्न आणि त्याचा शेवट यांच्याशी हे ताडून पाहावे. ‘क्लास_ॲट्रिब्यूट’ ने सुरुवातीपासून वापरलेली युक्ती सुंदर होती. किंमत ठरवली की त्या क्लासच्या सिंगल्टन क्लासवर ती किंमत देणारी मेथडच नव्याने लिहिली जायची, त्यामुळे वर शोधण्याचे काम रुबीचा मेथड-वारसाच करायचा आणि निलचा गोंधळ उद्भवतच नसे. मात्र ॲरेत थेट ढकलण्याचा धोका तिथेही आहे. ‘सी_ॲट्र_ॲक्सेसर’ हे नाव त्याच्यासारखे वाटले तरी तो आतून ‘@@’ च वापरतो. त्यामुळे सबक्लासनिहाय वेगळी किंमत हवी असेल तिथे तो वापरू नये. आमचा प्रोग्राम रेल्सविना चालतो आणि आठ ओळींसाठी बाहेरची तयार कोडची लायब्ररी जोडणे मला अनावश्यक वाटले.

किंमत कोड लिहितानाच ठाऊक असेल आणि चालू प्रोग्राममध्ये बदलणार नसेल, तर यातले काहीच करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. क्लासवर ‘बंदी’ नावाची साधी मेथड लिहावी, सबक्लासने ती ओव्हरराइड करावी आणि पालकाचे हवे असेल तिथे सुपर म्हणावे. सेटिंगच्या फाइलची मागणी आली नसती तर मी तेच केले असते. कॉन्स्टंटचा मार्गही काही जण सुचवतात. पण पालकाच्या मेथडमध्ये कॉन्स्टंटचे नुसते नाव लिहिले तर रुबी तो त्या ओळीच्या परिसरात शोधते आणि पालकाचाच देते, सबक्लासचा हवा असेल तर प्रत्येक ठिकाणी ‘सेल्फचा क्लास’ असा उल्लेख करून तो मागावा लागतो, आणि एखाद्या ठिकाणी ते राहून जाते.

चाचण्याही बदलल्या. प्रत्येक चाचणी नौकेपासून दोन बिननावाचे सबक्लास तिथल्या तिथे तयार करते. एकाने काही ठरवले नाही तर पालकाचे मिळते का, एकाने ठरवले तर दुसरा आणि पालक जसेच्या तसे राहतात का, पालकाची किंमत नंतर बदलली तर न ठरवलेल्या मुलाला ती दिसते का आणि ठरवलेल्या मुलाची टिकते का, एवढे ती पाहते. याखेरीज सर्व फाइली उलटसुलट क्रमाने वाचून तेच प्रश्न पुन्हा विचारणारी एक चाचणी आहे. जुना ‘@@’ चा कोड या चाचणीखाली घातला तेव्हा तो दुसऱ्याच प्रश्नावर पडला.

दुरुस्त आवृत्ती ८ जूनला संस्थेत चढवली आणि काकांनी स्वतः सेटिंगमधील तारीख बदलून, ट्रॉलरची व रापणीची चिठ्ठी मागून खात्री केली. आता त्यांनी नवी अडचण समोर ठेवली आहे. रापणीच्या एका होडीला मालक आउटबोर्ड मशीन बसवून घेणार आहे, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर ती होडी बंदीच्या नियमात येईल. रुबीत तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही, आणि त्या होडीच्या गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी ‘रापण होडी’ या क्लासच्या नावाने साठवलेल्या आहेत. सध्या त्या नोंदींची छपाई काढून ठेवली आहे आणि नौकेचा प्रकार हा क्लास न ठेवता नौकेला जोडलेला वेगळा ऑब्जेक्ट करता येईल का, याची मांडणी कागदावर चालू आहे.